एका दांडग्या राउटरपेक्षा तीन छोटे बरे

दिवाळे गावाच्या गल्लीत उभे राहून वर पाहिले तर दोन घरांच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसते आणि त्या पट्टीला आडव्या गेलेल्या केबली. बेलापूरच्या खाडीकाठचा हा कोळीवाडा. १९७० साली सिडको आली, भोवती नवी मुंबई उभी राहिली, पण गावठाणाची जागा होती तेवढीच राहिली. घरातली माणसे वाढली तशी घरे वर चढत गेली. सरकारी कागदांत यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. अशा घरात खालच्या मजल्यावर म्हातारी माणसे, पहिल्यावर थोरल्याचा संसार, दुसऱ्यावर धाकट्याचा. वर गच्ची. भिंतीला भिंत लागलेली, मजल्यामजल्यात काँक्रीटचा जाड स्लॅब आणि सगळ्या घराला मिळून इंटरनेटची जोडणी एक.

ही जोडणी घरात येते ती केबलवाल्याला सोयीची पडेल तिथून. बहुतेक वेळा खांबावरून किंवा शेजारच्या गच्चीवरून, म्हणजे वरच्या मजल्यावर. डबा तिथेच भिंतीला ठोकला जातो. आणि घरातले सर्वांत वयस्कर माणूस राहते सर्वांत खाली, कारण गुडघे जिना चढू देत नाहीत. ज्या माणसाला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सर्वांत जास्त गरज, त्याच्या खाटेपाशी वायफायची एक काडी. वरच्या मजल्यावर नातू मात्र गेम खेळतो आहे, त्याला काहीच अडचण नाही.

ही तक्रार आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर २०२० सालच्या दोन घटनांत आहे. त्या वर्षी २५ मार्चला देशात दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले आणि १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ची मोफत बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. तेव्हापासून घरबसल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. पण त्या नियमांत एक बारकावा आहे, तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदाच भेटत असेल तर काही औषधे फक्त व्हिडिओवर भेट झाली तरच लिहून देता येतात. नुसत्या आवाजावर फार तर तापाची गोळी, जलसंजीवनी असल्या साध्या गोष्टी. म्हणजे चित्र गोठले आणि ‘आवाज येतोय का, आवाज येतोय का’ करत भेट साध्या फोनवर घसरली, की डॉक्टरच्या हातातले अर्धे बळ जाते. शिवाय पायाची जखम कशी दिसते, ओठ निळसर आहेत का, बोलताना दम लागतो का, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मधुमेही माणसाच्या तळपायाचा अंधूक फोटो पाहून निर्णय घेणे ही डॉक्टरसाठी शिक्षाच असते.

अशा वेळी घरातला कर्ता मुलगा पहिली गोष्ट काय करतो? प्लॅन वाढवतो. १००चा ३०० एमबीपीएस करतो. याने बहुधा काडीचाही फरक पडत नाही. व्हिडिओ भेटीला एक-दोन एमबीपीएस पुरतात. अडचण रस्त्यापासून घरापर्यंतच्या नळात नसते, घरातल्या घरात असते. टाकी भरलेली आहे, खालच्या मजल्याच्या नळाला पाणी नाही. आणि आपण टाकी मोठी करायला निघालो आहोत.

वायफायच्या लहरी रेडिओच्याच जातीच्या. घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, लांबी त्याच्या निम्म्याहून कमी. आखूड लहरीत माहिती जास्त वाहून नेता येते, पण ती भिंतीत लवकर दमते. विटांची साधी भिंत दोन्ही पट्ट्यांतल्या लहरी बऱ्यापैकी ओलांडतात. काँक्रीटचे तसे नाही. आत सळ्यांची जाळी, वर लादी. एक स्लॅब ओलांडताना लहरीची ताकद दहावा हिस्सा उरते, स्लॅब जाड असला तर शंभरावा. दोन स्लॅब म्हणजे हा गुणाकार पुन्हा एकदा. वाटेत लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज किंवा पाण्याचे पिंप आले तर विचारायलाच नको. पाणी या लहरी चांगल्या शोषते आणि माणूसही बहुतांशी पाणीच आहे. भरल्या घरात सणाला वायफाय मंदावते त्यामागे थोडा हात पाहुण्यांच्या देहांचाही असतो.

आता दुकानदार जो ‘लई पॉवरफुल’, सहा काड्यांचा राउटर पुढे करतो त्याचा हिशेब करू. समजा त्याची ताकद जुन्याच्या दुप्पट आहे. स्लॅब ती दहाने किंवा शंभराने भागणार असेल, तर दुपटीने काय साधणार? दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वायफाय हे एकतर्फी प्रक्षेपण नाही, संभाषण आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी खालच्या खोलीतल्या फोनला उलट ‘ओ’ देता आली पाहिजे, आणि फोनचा आवाज मुळातच बारीक. म्हणून पडद्यावर काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो. हाक ऐकू येते, ओ पोचत नाही.

उभ्या काडीच्या अँटेनाची आणखी एक खोड आहे. तिच्यातून लहरी चेंडूसारख्या सगळीकडे सारख्या पसरत नाहीत. मेदूवड्याच्या आकारात पसरतात, काडी मधल्या भोकातून उभी. आजूबाजूला भरपूर, डोक्यावर आणि पायाखाली जवळजवळ काही नाही. पसरट बंगल्याला हे छान. दिवाळ्यातल्या उभ्या, अरुंद घराला नेमके उलटे. पैसे खर्च करण्याआधी एक काडी आडवी करून पाहावी. एका मजल्यापुरता फरक कधी कधी तेवढ्यानेही पडतो.

खोलीत लहर एकाच वाटेने फोनपर्यंत येत नाही. भिंतीवर आपटून, छतावरून, कपाटावरून, असे तिचे अनेक प्रतिध्वनी किंचित मागेपुढे पोचतात आणि एकमेकांत कालवले जातात. हा गुंता सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते जॉन ओ’सलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संदेश शोधण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता. ती सापडली नाहीत, पण त्या शोधात हाताशी आलेले गणित पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खोलीतल्या प्रतिध्वनींवर वापरले. याच संस्थेत १९५०च्या दशकात तरुण गोविंद स्वरूप काम करून आले होते. तिथल्या ३२ छोट्या तबकड्या भारताला मिळाल्या आणि १९६५मध्ये त्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली ती आपल्या कल्याणला. नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण ही त्याच वाटेवरची पुढची मजल. घरातल्या वायफायचे एक मूळ आकाशात आहे, आणि त्या घराण्याची एक शाखा दिवाळ्यापासून फार लांब नव्हती.

तर उपाय काय? जिथे माणूस आहे तिथे छोटा दिवा लावायचा. गच्चीवर एक हॅलोजन लावून तीन मजले उजळत नाहीत, हे सगळ्यांना कळते. मजल्यामजल्यावर एकेक बल्ब लागतो. वायफायचेही तसेच. प्रत्येक मजल्यावर एक छोटे केंद्र, ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, आणि ती सगळी मुख्य राउटरला जोडलेली.

जोडायची कशी, इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळतो तो प्लगमध्ये खोचायचा रिपीटर. त्याला तोंड एक आणि कान एक. वरून आलेला निरोप आधी ऐकायचा, मग तोच पुन्हा खाली सांगायचा. दोन्ही कामे त्याच पट्टीत करावी लागत असल्याने वेग निम्मा होतो. त्यातून लोक तो लावतात कुठे, तर जिथे वायफाय मुळीच येत नाही तिथे. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच झाला तर अर्ध्या वाटेवर, जिथे अजून बरी काडी आहे तिथे लावावा. ‘मेश’ नावाने मिळणारे दोन-तीन डब्यांचे संच याहून चांगले. पण तेही आपसांत बिनतारी बोलत असतील तर स्लॅब त्यांनाही आडवा येतोच.

खरा उपाय जुनाट आहे: तार. जिन्याच्या कडेने पट्टीतून एक लॅन केबल खाली सोडावी. ‘कॅट सिक्स’ जातीची केबल १०० मीटरपर्यंत चालते. तीन मजल्यांच्या घराला २०-३० मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. तारेला स्लॅब कळत नाही, पाहुणे कळत नाहीत. तिच्या टोकाला नवे यंत्र हवेच असेही नाही. बहुतेक घरांत कपाटाच्या माथ्यावर जुना राउटर धूळ खात पडलेला असतो. त्याच्या मांडणीत ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडला की झाले.

तो पर्याय न निवडता तसाच जोडला, तर एका घरात दोन कारभारी होतात. प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटून देण्याचे काम राउटरचे. दोघेही पत्ते वाटू लागले की खालच्या मजल्यावरचा टीव्ही वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरला ओळखत नाही, आणि कधी सगळेच बंद पडते. पत्ते वाटणारा एकच ठेवावा. नाव आणि पासवर्ड मात्र सगळीकडे तेच ठेवावेत, म्हणजे जिना उतरताना फोन आपोआप जवळचे केंद्र धरतो. ‘आपोआप’ हा शब्द थोडा उदारपणे वापरला आहे. कुठले केंद्र धरायचे हे फोन स्वतः ठरवतो आणि काही फोन जुन्या ओळखीला चिकटून बसतात. खाली येऊनही गच्चीवरच्या राउटरचा पदर सोडत नाहीत. अशा वेळी लोक केंद्रांची ताकद वाढवतात. ती कमी करायला हवी. वरच्याचा आवाज खाली पोचेनासा झाला की फोन मुकाट्याने जवळच्याकडे वळतो.

ताकद कमी करण्याचे दुसरे कारण शेजारी. २.४च्या पट्टीत एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. आणि दिवाळ्यासारख्या गावठाणात एका फोनवर शोधले तर आजूबाजूची वायफाय नावांची रांगच्या रांग दिसते. नियम असा, की बोलण्याआधी प्रत्येकाने ऐकायचे आणि दुसरा बोलत असेल तर थांबायचे. मासळीच्या लिलावात सगळे एकाच वेळी भाव ओरडू लागले तर सौदा कोणाचाच होत नाही. दांडगा राउटर म्हणजे त्या लिलावातला सर्वांत मोठ्या घशाचा गडी. त्याच्यामुळे चार घरे थांबून राहतात, आणि ती चार घरेही मग मोठे राउटर आणतात. घरात खालच्या केंद्राला १, मधल्याला ६, वरच्याला ११ अशी वाटणी करावी, आणि शक्य तिथे फोन ५च्या पट्टीवर जोडावेत. तिथे जागा जास्त आहे, आणि तिच्या लहरी भिंतीत दमतात हा जो दोष म्हटला तोच दाट वस्तीत गुण ठरतो: शेजाऱ्याकडे फारसे जात नाही.

इथे बाहेरच्या खोलीतून हमखास एक प्रश्न येतो. ‘म्हणजे घरात एकाच्या जागी तीन राउटर? आणि एक थेट आजीच्या खोलीत? रेडिएशनचे काय?’

भीती स्वाभाविक आहे, म्हणून उत्तर आकड्यांत द्यावे. घरगुती वायफाय केंद्राची ताकद साधारण १०० मिलिवॅट. एक मीटरवर ही ताकद पसरून दर चौरस मीटरला सुमारे ८ मिलिवॅट पडते. भारतात मोबाईल टॉवरसाठी २०१२पासून जी कडक मर्यादा आहे, आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश, ती या पट्टीला १००० मिलिवॅट आहे. म्हणजे एक मीटरवर बसूनही आपण मर्यादेच्या शंभराव्या भागापेक्षा खाली. अंतर दुप्पट केले की हा आकडा चौथाई होतो. तीन मीटरवर एक मिलिवॅटही उरत नाही, आणि तेही राउटर अखंड बोलत राहिला तर; प्रत्यक्षात तो बराच वेळ गप्प असतो. या लहरींत रेणू तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांची आणि यांची जात वेगळी.

‘पण कर्करोगाच्या यादीत नाव आहे ना?’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये रेडिओलहरी ‘२-ब’ गटात टाकल्या, म्हणजे शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्यानंतर २०२४मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. आणि मोबाईल तर कानाला चिकटलेला असतो.

खरी मेख पुढे आहे. खालच्या कोंदट खोलीत वायफाय पोचत नाही तेव्हा फोन गप्प बसत नाही, मोबाईल नेटवर्ककडे वळतो. दाट गल्लीत, तळमजल्यावर तेही क्षीण. मग टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन स्वतःची ताकद वाढवतो, आणि तो असतो हातात नाहीतर कानाशी. दोन मीटरवरच्या भिंतीवरील केंद्रापेक्षा आजीला मिळणाऱ्या लहरींत वाटा मोठा तिच्या हातातल्या फोनचाच. जवळ छोटे केंद्र आले की फोनला ओरडावे लागत नाही. भीतीपोटी राउटर वर हलवणारे घर नेमके उलटे काम करत असते. शिवाय फोन कमी तापतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते, हा वरचा नफा.

पेसमेकर बसवलेल्यांसाठी एक साधी सूचना: फोन किंवा राउटर छातीपासून १५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीतभर, दूर असावा. फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवण्याची सवय तेवढी सोडावी. राउटर त्याच खोलीत असायला हरकत नाही.

वायफायने आरोग्याचे नुकसान होते ते लहरींनी नाही, झोपेने. प्रत्येक खाटेपाशी वेगवान नेट आले की रात्री दीडपर्यंत व्हिडिओ चालू राहतात. आणि जिथे भरतीच्या वेळेनुसार पहाटे होडीवर जायचे असते, तिथे एकाच्या मोबाईलचा आवाज दुसऱ्याची झोप मोडतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, नातलगांशी व्हिडिओवर बोलणे एवढाच अपवाद. दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाच्या आत. बहुतेक राउटरांत मुलांच्या उपकरणांना वेळेचे कुलूप घालता येते. खालच्या खोलीचे केंद्र रात्रभर चालू ठेवावे, वरच्याला साडेदहाला कुलूप. दोघांची गरज वेगळी आहे.

वीज गेली की काय, हा विचार आधीच करून ठेवावा. १२ व्होल्टचा छोटा बॅटरी-डबा राउटरला लावला तर तो तास-दोन तास तग धरतो. पण लोक एकाच डब्याला बॅटरी लावतात आणि थांबतात. फायबरचा डबा, मुख्य राउटर आणि खालचे केंद्र, तिघांनाही वीज मिळाली तरच खाली वायफाय राहते. वायफायवरून फोन लावण्याची सोय भारतात २०१९च्या डिसेंबरात आली. नेटवर्क नसलेल्या खोलीत ती उपयोगी आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ती आजच चालू करून, मुलाला एक फोन लावून पाहावा. रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकासाठी मात्र तिच्या भरवशावर राहू नये. ज्या दारात किंवा ओट्यावर मोबाईलला बरे नेटवर्क येते ती जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी.

केबल घराबाहेरून न्यायची असेल तर खाडीची हवा लक्षात घ्यावी. खारा वारा तांब्याच्या टोकांना एक-दोन पावसाळ्यांत हिरवट करतो, आणि मग वायफाय ‘अधूनमधून’ जाऊ लागते. हा आजार शोधायला सर्वांत अवघड. जोड घराच्या आत ठेवावेत, बाहेरचा तुकडा उन्हा-पावसाला टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाचा घ्यावा आणि गच्चीवरून तांब्याची तार नेणे विजेच्या दृष्टीनेही टाळावे. काम झाल्यावर केबलवाला जायच्या आत, फोन हातात घेऊन म्हातारीच्या खाटेवर बसावे आणि ताकद मोजणारे एखादे मोफत ॲप उघडावे. आकडा उणे ६५च्या आसपास किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ५०कडे झुकलेला, असला तर व्हिडिओ भेट निर्वेध होते. उणे ८० दिसला, तर केबलवाल्याला अजून चहा पाजावा लागेल.